पी१६ वाढलेले दिसते, मग थांबायला काय हरकत आहे?

प्रश्न : मी ४१ वर्षांची असून जुळे सोलापुरात राहते. यजमान अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेलच्या कारखान्यात काम करतात. आमच्या महिला मंडळाच्या तपासणी शिबिरात माझी एचपीव्ही चाचणी झाली आणि तिच्यात १६ क्रमांकाचा विषाणू निघाला. नंतर दुर्बिणीतून तपासून गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा काढला. रिपोर्टमध्ये ‘सीआयएन ३, पी१६ ब्लॉक पॉझिटिव्ह’ असे लिहिले आहे. लीप करून तेवढा भाग काढून टाकू, असे डॉक्टर म्हणतात. माझी मुलगी बी.एस्सी.ला मायक्रोबायॉलॉजी शिकते. पी१६ हे कॅन्सरला अडवणारे प्रथिन आहे, असे तिच्या पुस्तकात दिले आहे. ते माझ्यात भरपूर असेल तर शरीर स्वतःच लढत आहे असे समजून थांबायला काय हरकत आहे? माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता; माझ्या रक्तातच दोष आहे का, आणि तो मुलीकडे जाईल का? जाऊबाई म्हणतात, पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल. त्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली, ती लिहायला संकोच वाटतो : हा विषाणू बाहेरून आला असणार, तेव्हा यजमानांचे वागणे बघ. भावाने हळदीच्या गोळ्या पाठवल्या आहेत; त्यांनी पी५३ वाढते म्हणे. जे काही करायचे ते गड्ड्याची यात्रा झाल्यावरच करावे, असे मनात आहे.
— एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या मुलीने पुस्तकातून सांगितले ते बरोबर आहे. त्यावरून घरात निघालेला अर्थ मात्र नेमका उलटा आहे. पी१६ हे पेशींची बेसुमार वाढ रोखणाऱ्या प्रथिनांपैकी, म्हणजे ट्यूमर सप्रेसरपैकी, एक आहे हे खरे, आणि तुमच्या तुकड्यात ते भरपूर सापडले हेही खरे. परंतु ते भरपूर सापडण्याचे कारण त्याला यश येत आहे हे नसून, ज्या प्रथिनाच्या मार्फत ते आपले काम करून घेते तेच प्रथिन विषाणूने नाहीसे केले आहे, हे आहे. म्हणून या रिपोर्टच्या भरवशावर थांबू नका. हे कसे घडते ते मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण रक्तातील दोष, पिशवी, हळद आणि जाऊबाईंची शंका या सगळ्यांची उत्तरे बऱ्याच अंशी त्याच एका गोष्टीत आहेत.

असे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे आधी काचपट्टीवर काय दिसते ते सांगते. गर्भाशयमुखाच्या निरोगी आवरणात तळाशी गोल, गडद पेशींची एक दाट ओळ असते. विभाजन होते ते तिथे. तिथून वर सरकताना पेशी पसरट होत जातात, त्यांची केंद्रके आक्रसतात, आणि पृष्ठभागाशी पोहोचेपर्यंत त्या चपट्या होऊन गळून पडतात. सीआयएन ३ मध्ये हा क्रम दिसतच नाही. तळापासून वरपर्यंत तीच मोठ्या केंद्रकाची, अपक्व पेशी दिसते आणि जिथे विभाजन कधीच होऊ नये अशा वरच्या थरांतही मधूनमधून एखादी पेशी दोन होताना सापडते. पी१६ ओळखणारे रसायन लावले की या आजारी भागाला सबंध जाडीभर सलग तपकिरी रंग चढतो, शेजारचे निरोगी आवरण निळसरच राहते, आणि दोहोंमधली सीमा अनेकदा रेघ ओढावी इतकी स्पष्ट असते. रिपोर्टमधील ‘ब्लॉक पॉझिटिव्ह’ म्हणजे हा सलग पट्टा. इकडे तिकडे चुकार पेशी रंगल्या तर आम्ही तसे लिहीत नाही. या बिघडलेल्या पेशींनी आवरणाखालचा पातळ पडदा अजून ओलांडलेला नाही, आणि म्हणूनच सीआयएन ३ हा कॅन्सर नव्हे, तर कॅन्सरच्या आधीची शेवटची पायरी आहे. ही ओळ रिपोर्टमध्येच साध्या मराठीत लिहायला आमच्या मंडळींना काय अडचण येते, हे मला आजवर कळलेले नाही.

आता विषाणूकडे वळू. एचपीव्ही म्हणजेच ह्यूमन पॅपिलोमा विषाणू. त्याची सगळी जनुकीय सामग्री सुमारे ८,००० अक्षरांची, म्हणजे माणसाच्या तीन अब्जांहून अधिक अक्षरांपुढे नगण्य. स्वतःच्या डीएनएची नक्कल करण्यासाठी लागणारे मुख्य विकरदेखील (एन्झाइम) त्याच्याकडे नसते. ज्या पेशीत तो शिरतो तिचेच ते वापरावे लागते. बारीकशा जखमेतून तो आवरणाच्या तळाच्या थरात शिरतो खरा, पण त्याला आपल्या नकला काढायच्या असतात त्या वरच्या थरांत, आणि तिथल्या पेशींनी तर विभाजन थांबवून डीएनए नकलण्याची सगळी यंत्रणा बंद केलेली असते. ती पुन्हा चालू करायला लावणे ही विषाणूची गरज असते. कॅन्सर घडवणे हा त्याचा हेतू नसतो. उलट कॅन्सरच्या पेशीत नवे विषाणू बहुधा तयारच होत नाहीत, त्यामुळे त्याच्या दृष्टीनेही तो आडमार्गच ठरतो.

हे काम ई७ नावाचे प्रथिन करते. १६ क्रमांकाच्या विषाणूमध्ये ते अवघ्या ९८ अमिनो आम्लांचे असते. आपल्या पेशीत आरबी नावाचे एक प्रथिन असते. लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या गाठीच्या अभ्यासातून ते सापडले, म्हणून त्याचे हे नाव. हे आरबी ई२एफ नावाच्या प्रथिनांना धरून ठेवते, आणि ती धरलेली आहेत तोवर डीएनए नकलायला लागणारी जनुके चालू होत नाहीत. पेशीला खरोखर विभाजित व्हायचे असेल तेव्हा सीडीके४ आणि सीडीके६ ही विकरे आरबीवर फॉस्फेट चढवतात, त्याची पकड सुटते आणि विभाजन सुरू होते. पी१६ चे काम याच विकरांना अडवण्याचे. म्हणजे पी१६ स्वतः काहीच थांबवत नाही. ते सीडीकेला अडवते, त्यामुळे आरबीची पकड टिकते, आणि थांबवते ते आरबी. ई७ नेमके या आरबीलाच जाऊन चिकटते, त्याची पकड सोडवते आणि त्याचा नाशही घडवून आणते. आरबीच उरले नाही, तर सीडीकेला अडवून काय साधणार? शिवाय एरवी आरबीचा पी१६ च्या उत्पादनावरही वचक असतो. तो सुटला की पेशी पी१६ बनवतच राहते, आणि त्याचा काहीही उपयोग होत नाही. आम्हाला दिसणारा तपकिरी पट्टा हा त्या निरुपयोगी साठ्याचा रंग आहे. म्हणूनच तो आम्हाला मोलाचा वाटतो : त्या जागी ई७ जोरात काम करत आहे, याची ती जवळजवळ थेट साक्ष असते.

इथे तुमच्या मुलीला एक प्रश्न पडायला हवा. पेशी अशी भलत्या वेळी विभाजित होऊ लागली तर पी५३ गप्प का बसते? यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, नाहीतर वारभर खराब कापड निघेल. तुमच्या यजमानांना हे सांगायला नको. पी५३ चे काम पुष्कळसे तसेच आहे. डीएनएला इजा झाली किंवा विभाजनाचे संकेत अवेळी आले की ते पेशीचे चक्र थांबवते आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला मरायला लावते. एकट्या ई७ ने काम सुरू केले असते, तर पी५३ ने त्या पेशी केव्हाच संपवल्या असत्या. म्हणून विषाणू दुसरे प्रथिन बाळगतो, ते म्हणजे ई६. ते आपल्याच पेशीतील ई६एपी नावाच्या विकराला हाताशी धरते, दोघे मिळून पी५३ वर युबिक्विटिन नावाची खूण चढवतात, आणि अशी खूण चढलेली प्रथिने मोडून टाकण्याची जी सोय प्रत्येक पेशीत असतेच, ती पुढचे काम उरकते. १९८९ आणि १९९० या दोन वर्षांत, आधी ई७ आणि आरबी यांचा, मग ई६ आणि पी५३ यांचा संबंध प्रयोगशाळांतून उघड झाला. ई६ एवढ्यावर थांबत नाही. ते टेलोमरेज हे विकरही चालू करते, ज्यामुळे विभाजनांच्या संख्येवर असलेली नैसर्गिक मर्यादा उठते. याउलट चामखीळ आणणारे ६ आणि ११ क्रमांकांचे विषाणू पाहा. त्यांच्यातही ई६ आणि ई७ असतात, पण त्यांच्या ई७ ची आरबीवरची पकड सैल असते आणि त्यांचे ई६ पी५३ ला अशा रीतीने संपवू शकत नाही. म्हणून त्यांनी चामखीळ येते, कॅन्सर सहसा होत नाही.

या सगळ्यातून निघणारी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, तुमच्या पेशींची पी५३ आणि आरबी बनवणारी जनुके बहुधा शाबूत आहेत. इतर अनेक कॅन्सरमध्ये पी५३ चे जनुकच बिघडलेले आढळते. माणसाच्या एकूण कॅन्सरपैकी सुमारे निम्म्यांत तसे असते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ते क्वचित आढळते, कारण विषाणू ते प्रथिनच नष्ट करत असल्यामुळे जनुक बिघडण्याची गरजच पडत नाही. याचा सुंदर पुरावा हेला पेशींनी दिला. १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्यांच्यात १८ क्रमांकाचा विषाणू आहे. विषाणूमध्ये ई२ नावाचे प्रथिन असते, ते ई६ आणि ई७ यांच्या उत्पादनाला आवर घालते. विषाणूचा डीएनए आपल्या गुणसूत्रात घुसतो तेव्हा बहुतेक वेळा हा ई२ चा भागच तुटतो आणि आवर सुटतो. हेला पेशींत संशोधकांनी बाहेरून ई२ पुन्हा घातले, तेव्हा ई६ आणि ई७ बंद झाले, पी५३ आणि आरबी पुन्हा दिसू लागले, आणि तोवर पन्नास वर्षे न थांबता वाढलेल्या त्या पेशी विभाजन सोडून म्हाताऱ्या झाल्या. वाढ रोखणारी प्रथिने एवढ्या काळानंतरही कामाला येण्याजोगी होती. मात्र माणसाच्या शरीरात ई६ आणि ई७ असे खात्रीने बंद करणारे औषध आज रोजच्या वापरात नाही. त्यामुळे ज्या पेशींत ती चालू आहेत त्या पेशीच काढून टाकणे, हाच उपाय उरतो, आणि लीपमध्ये तेच करतात.

न काढल्यास काय होते, याचे उत्तर मानवी अभ्यासातून मिळाले आहे, आणि ते मिळण्याची रीत लाजिरवाणी आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे १९६० आणि ७० च्या दशकांत काही स्त्रियांना सीआयएन ३ असूनही पुरेसे उपचार न देता केवळ देखरेखीखाली ठेवले गेले. पुढे त्यावर न्यायिक चौकशी झाली. त्या नोंदींवरून असे दिसले की, ज्यांच्यावर अपुरे उपचार झाले त्यांच्यापैकी साधारण ३० टक्क्यांना ३० वर्षांत कॅन्सर झाला, तर ज्यांच्यावर योग्य उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते. या आकड्यांचे दोन्ही अर्थ ध्यानात घ्या. सीआयएन ३ असलेली प्रत्येक स्त्री कॅन्सरकडे जात नाही, काहींची विकृती मागेही हटते. पण कोणाची हटेल हे आज कोणालाच सांगता येत नाही, आणि अनावर पेशीविभाजनात डीएनएच्या चुका साचत जातात, ज्या पी५३ नसल्यामुळे दुरुस्तही होत नाहीत आणि पेशीही मरत नाही. वर्षे जातात तशी धोक्यात भर पडते.

मावशींच्या आजाराचा याच्याशी संबंध नाही. आरबीचे बिघडलेले जनुक आईवडिलांकडून येते तेव्हा बाळाच्या डोळ्यात गाठ होते. पी५३ चे जनुक उपजत बिघडलेले असते तेव्हा एकाच कुटुंबात तरुण वयात अनेक प्रकारचे कॅन्सर होतात. तुमच्याकडे तसे काही नाही. तुमच्या पेशीत आरबी आणि पी५३ कमी आहेत, ते विषाणूने त्यांचा फडशा पाडल्यामुळे, आणि तेही केवळ गर्भाशयमुखाच्या त्या लहानशा भागात. रक्तातून मुलीकडे जाईल असा दोष या रिपोर्टमध्ये दिसत नाही. मावशींना स्तनाचा कॅन्सर फार लहान वयात झाला असेल किंवा आणखी कोणाला झाला असेल, तर तो विषय वेगळा. त्याविषयी डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोला.

जाऊबाईंच्या सूचनेविषयी मी स्पष्टच लिहिते. हा विषाणू लैंगिक संबंधांतून येतो हे खरे आहे, पण तो इतका सार्वत्रिक आहे की, संसार करणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. दहापैकी नऊ वेळा शरीर दोनेक वर्षांत तो दाबून टाकते. उरलेल्यांत तो वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो, आणि लागणीपासून सीआयएन ३ पर्यंत यायलाही बहुधा बरीच वर्षे लागतात. ४१ व्या वर्षी सापडलेला विषाणू लग्नाच्या पहिल्या वर्षातला असू शकतो. तो कधी आला आणि कोणाकडून आला, हे सांगणारी कोणतीही चाचणी जगात नाही. यजमानांची तपासणी करण्याचीही गरज नाही. पुरुषांसाठी अशी नेहमीच्या वापरातली चाचणीच नाही. लीपच्या दिवशी त्यांना बरोबर घेऊन जा आणि हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या. ते बिडी किंवा सिगारेट ओढत असतील तर घरात ओढू नका म्हणून सांगा, आणि तुम्ही स्वतः कोणत्याही रूपात तंबाखू घेत असाल तर ती सोडा, कारण धूम्रपानाने हा विषाणू टिकून राहण्याचा आणि विकृती पुढे सरकण्याचा धोका वाढतो.

पिशवी काढून टाकण्याचा सल्ला आपल्या भागात फार सहज दिला जातो, आणि मला त्याची चीड आहे. पांढरे जाते, काढा पिशवी. पाळी लांबली, काढा पिशवी. ऊसतोड मजूर स्त्रियांच्या बाबतीत याचे काय झाले ते २०१९ मध्ये बीड जिल्ह्यामुळे साऱ्या राज्याने वाचले आहे. सीआयएन ३ साठी बहुतेक वेळा संपूर्ण गर्भाशय काढावे लागत नाही. ही विकृती सुरू होते ती गर्भाशयमुखाच्या एका ठरावीक पट्ट्यात, जिथे बाहेरच्या चपट्या आणि आतल्या उभट पेशी एकमेकींना भेटतात. ई६ आणि ई७ यांना फावते ते मुख्यतः तिथेच. लीपमध्ये विजेच्या पातळ तारेच्या फासाने हा पट्टा काढतात. तेवढी जागा बधिर करून काही मिनिटांत काम होते आणि बहुतेकींना त्याच दिवशी घरी जाता येते. याचा आणखी एक फायदा असा की, काढलेला सबंध भाग आम्हाला तपासायला मिळतो. सुईच्या टोकाएवढा कॅन्सर कुठे दडला असेल तर तो त्यात दिसतो. अशी तपासणी न करता थेट पिशवी काढली आणि मागाहून तिच्यात पसरणारा कॅन्सर निघाला, तर झालेली शस्त्रक्रिया अपुरी ठरते आणि पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. आणि पिशवी काढली म्हणजे विषाणू गेला असेही नव्हे. योनीमार्गाच्या वरच्या टोकाला तो राहू शकतो आणि तपासण्या तशाही चालूच ठेवाव्या लागतात. लीपनंतर कडेपर्यंत विकृती आढळली, किंवा गर्भाशयाचे दुसरे काही दुखणे असले, तर विचार करता येईल. आज नाही.

भावाच्या हळदीच्या गोळ्यांमागे थोडे खरे संशोधन आहे, ते नाकारत नाही. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेतील हेला पेशींवर टाकले असता ई६ आणि ई७ कमी होतात आणि पी५३ वाढते, असे अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. पण बशीतल्या पेशींवर थेट टाकलेले कर्क्युमिन आणि पोटातून घेतलेले कर्क्युमिन यांत फार अंतर आहे : ते आतड्यातून अत्यल्प शोषले जाते आणि जेवढे शोषले जाते तेही यकृत झटपट बदलून टाकते. बशीत गर्भाशयमुखाच्या पेशी मारणारे पदार्थ शेकड्यांनी सापडतात, त्यांतले माणसाच्या उपचारापर्यंत पोहोचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आमटीत हळद जरूर घाला. गोळ्या घेणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण जास्त मात्रेत काही औषधांशी तिचे जमत नाही आणि रक्तस्रावाचा कल वाढू शकतो. पण तिच्या भरवशावर लीप पुढे ढकलू नका.

शिबिरात तुमची विषाणूची चाचणी झाली, हे चांगले झाले. ही चाचणी किती उपयोगी आहे याचा जगातला एक मोठा पुरावा तुमच्या जिल्ह्यातूनच गेला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास १९९९ मध्ये सुरू केला. गावांचे चार गट पाडून एका गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची व्हिनेगर लावून नजरेने तपासणी झाली आणि चौथा गट नेहमीच्या सोयींवर राहिला. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : आठ वर्षांत या कॅन्सरने तुलनेच्या गटात ६४ आणि एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ स्त्रिया दगावल्या, इतर दोन तपासण्यांनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे बरीच टीका झाली आणि ती मला अनाठायी वाटत नाही. तरीही ज्या स्त्रियांनी तेव्हा दारी आलेल्या आरोग्यसेविकांना होकार दिला, त्यांच्यामुळेच आज तुमच्या मंडळाच्या शिबिरात योग्य ती चाचणी झाली. त्या शिबिरातील ज्या मैत्रिणींची चाचणी पॉझिटिव्ह आली, पण दुर्बिणीत काही आढळले नाही, त्यांना एवढे सांगा की, त्यांची अवस्था तुमच्यापेक्षा वेगळी आहे. त्यांनी घाबरू नये, फक्त वर्षाने पुन्हा चाचणी करावी.

मुलीला लस द्यावी. १९८३ मध्ये हाराल्ड त्सूर हाऊजेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने १६ क्रमांकाचा विषाणू गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये शोधून काढला, पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा, आणि २००८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. जगातील या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत हे दोनच विषाणू असतात. दोन्हींविरुद्धची लस आता पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते. लसीत ई६ आणि ई७ मुळीच नसतात, विषाणूचा डीएनएही नसतो. असते ते त्याच्या बाहेरच्या कवचाचे एल१ हे प्रथिन. त्यामुळे लसीने रोग होण्याचा प्रश्नच येत नाही. पण त्यामुळेच ती आत शिरून बसलेल्या विषाणूवर उपयोगी पडत नाही, कारण तळाच्या थरातील लागण झालेल्या पेशी कवच बनवतच नाहीत. म्हणून तुमच्या सीआयएन ३ वर लस हा इलाज नव्हे. लसीला उत्तम वय ९ ते १४ असले तरी कॉलेजातील मुलीलाही ती देता येते. डोस किती हे वयावर ठरते, ते डॉक्टर सांगतील. आणि लस घेतली तरी तिने वयाच्या तिशीनंतर तपासणी करावीच.

राहिला गड्ड्याचा प्रश्न. यात्रा काही आठवड्यांवर असेल तर नंदीध्वजांची मिरवणूक पाहून मग लीप केले तरी बिघडत नाही. सीआयएन ३ ला दिवसांची घाई नसते. पण तारीख आजच घ्या आणि ती पाळीनंतरच्या आठवड्यातली घ्या. यात्रेनंतर दहावी-बारावीच्या परीक्षा, मग लग्नसराई, मग उन्हाळा, असे करत बायकांचे सहा-सहा महिने कसे जातात ते मी पाहिले आहे. यादरम्यान पाळीशिवाय किंवा संबंधानंतर रक्त गेले, तर यात्रेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. एचआयव्हीची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. ती कोणाच्या वागण्याच्या संशयापोटी नव्हे, तर प्रतिकारशक्ती कमी असल्यास या विकृतीची देखरेख वेगळ्या वेळापत्रकाने करावी लागते म्हणून. लीपनंतर तीन-चार आठवडे पाण्याने भरलेली कळशी उचलणे आणि संबंध टाळा. थोडा लालसर स्राव जातो, पण पाळीपेक्षा जास्त रक्त गेले, ताप आला किंवा दुर्गंधी आली तर लगेच जा. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत नवा रिपोर्ट येईल, त्यात दोन गोष्टी विचारा : कुठे पडदा ओलांडलेला आढळला का, आणि काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत का. मग सहा महिन्यांनी ते वर्षाने पुन्हा एचपीव्ही चाचणी, आणि ती स्वच्छ आली तरी डॉक्टर ठरवतील त्या अंतराने पुढची किमान २५ वर्षे तपासणी चालू ठेवायची आहे. दुसरे मत घ्यावेसे वाटले तर त्यासाठी पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. प्रयोगशाळेकडून काचपट्ट्या आणि मेणात बसवलेला तुकडा मागून घ्या, तो दुसरीकडे दाखवता येतो. मागताना संकोच करू नका.